पद आणि पदार्थ

(चिमूर येथील घोडा यात्रेतील कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून)

मायबाप हो, अभंगाचे चरण झाले, टाळकरी मंडळींनी सुरेख साथ दिली, मृदंगमणी तर आज फारच रंगात आहेत. आता निरूपण. पण निरूपणाआधी मला एक चूक कबूल करायची आहे. ती याच मंडपात झाली, तेव्हा कबुलीही याच मंडपात व्हायला पाहिजे. बालाजी महाराज साक्षीला आहेत.

चार वर्षांमागं, माघातल्या याच यात्रेत, मी इथं उभा होतो. समोर चिमूर, वरोरा, नागभीड, ब्रह्मपुरी, तिकडं नदीपल्याड आरमोरी-गडचिरोलीपर्यंतची माणसं. रंग चढला होता. आणि रंग चढला की कीर्तनकाराची जीभ सैल होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. (हशा) मी म्हणालो, "गुरुत्व! अहो, आमच्या तर्कसंग्रहात गुरुत्व हा गुण म्हणून लिहून ठेवलेला आहे. मग न्यूटनसाहेबानं नवीन ते काय केलं? सफरचंद तेवढं त्याचं, बाकी सगळं आमचं!" टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. टाळ्या पडल्या की बरं वाटतंच, खोटं कशाला बोलू?

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा मागं त्या कनातीपाशी बसला होता. तो कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. लहानपणी माझ्यामागं टाळ घेऊन उभा राहायचा, झोप आली तर टाळ गळ्यात तसेच ठेवून माझ्या उपरण्याला धरून झोपायचा. त्या दिवशी तो आरतीला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर म्हणाला, "मोठेबाबा, गुरुत्व तुमच्या पोथीत आहे, हे खरं आहे. जड वस्तू खाली पडते ती त्या गुणामुळं, एवढं त्यात आहे. पण किती पडते? दगड झाडावरून सुटला तर पहिल्या सेकंदात किती, दुसऱ्या सेकंदात किती, हे कुठं आहे? शब्द आहे, मोजमाप नाही. तुम्ही हजार माणसांना सांगितलं की मोजमापही आमचंच. उद्या माझ्या वर्गातली पोट्टी मला हेच ऐकवतील." एवढं बोलून फोन ठेवला. पुढं दोन वर्षं तो माझ्या कीर्तनाला आला नाही. घरी गेलो तर पाया पडायचा, चहा द्यायचा, बोलायचा मात्र नाही.

मला राग आला होता. आळंदीला चार वर्षं काढली, माधुकरी मागून शिकलो, शास्त्रीबुवांचे पाय चेपून तर्कसंग्रह पाठ केला, आणि हा कालचा पोरगा मला पोथी शिकवतो! असा राग. आतून कळत होतं की तो खरं बोलतो. म्हणूनच राग जास्त होता.

मग माझा भाऊ गेला. या पोराचा बाप. दहा दिवस सगळे एका घरात. रात्री दिव्याजवळ कोणीतरी जागं राहायचं असतं. पहिल्या रात्री तो बसला, मीही बसलो. बोलायला विषय नाही. तिसऱ्या रात्री त्यानं माळ्यावरची एक पेटी खाली काढली, बापाचे कागद बघायला. त्यात कागद बापाचे थोडे, आजाचेच जास्त. म्हणजे माझ्या वडिलांचे. आणि त्यात एक वही निघाली. कडक पुठ्ठ्याची, कोपरे वाळवीनं खाल्लेले.

आमचे वडील बल्लारशाला लाकूड डेपोत मोजणीवर होते. आलापल्लीच्या जंगलातला साग तिथं यायचा. आपल्या सागाचं मी काय सांगू, 2023 साली अयोध्येच्या राममंदिराला इथलाच साग गेला, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी त्या शोभायात्रेत फुलं उधळली असतील. तर वहीत रकाने होते. लठ्ठ्याचा नंबर, घेर, लांबी, घनमीटर. घेर 160 सेंटिमीटर, लांबी 5 मीटर. वडील काय करायचे? घेराला चारानं भागायचे. आले 40. चाळीस गुणिले चाळीस, त्याला लांबीनं गुणायचं. उत्तर 0.8 घनमीटर. पुढचा लठ्ठा. पुन्हा चारानं भागायचं.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. शाळेत वर्तुळ नुकतंच शिकवलं होतं. डेपोत डबा घेऊन गेलो, एका लठ्ठ्यावर चढून बसलो आणि विचारलं, "बाबा, चारानंच काऊन भागता? लठ्ठा तं गोल आहे, चौकोनी कुठं आहे?" वडील म्हणाले, "साहेबानं सांगितलं चार, तं चार. तू आधी खाली उतर, लठ्ठा घसरला तं पाय जाईल." विषय संपला. पन्नास वर्षं संपलेलाच होता.

त्या रात्री मी पोराला हे सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आमचं लांब बोलणं झालं. त्यानं वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं हिशोब मांडला. गोल लठ्ठ्याचं खरं घनफळ काढलं. आजोबांचं 0.8, आणि खरं आलं 1.02 च्या जवळपास. म्हणजे लठ्ठ्यात लाकूड शंभर भाग असेल, तर वहीत साडेअठ्ठ्याहत्तर भागच लिहिले जायचे. साडेएकवीस गेले कुठं?

मी म्हणालो, "म्हणजे तुझा आजा तीस वर्षं चुकीचं मोजत होता?"

तो म्हणाला, "नाही मोठेबाबा. लठ्ठा घेणारा माणूस गोल लठ्ठा घेऊन काय करतो? आरा मशीनवर घालतो, चौकोनी करतो, मग त्याच्या फळ्या काढतो. चौकोनी करताना बाजूची गोलाई कापली जाते, साल जाते, भुसा उडतो. ती घट सूत्रातच अंदाजानं धरून ठेवलेली आहे. त्या चाराच्या पोटात भुसा आहे."

मायबाप हो, मी त्या पानाकडं बघत राहिलो. डेपोला लागूनच आरा मशीन होती. वडील रोज संध्याकाळी घरी यायचे ते केसांत, भुवयांत भुसा घेऊन. आई त्यांना उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही, आधी अंगणात कपडे झटका म्हणायची. भुसा रोज अंगावर, चार रोज वहीत, आणि तीस वर्षांत दोघांची ओळख झाली नाही. वडील हुशार होते. पण त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनी कोणाला विचारलं नाही. विचारायची सोयही नसेल.

विठ्ठल, विठ्ठल.

आता निरूपणाचा शब्द घेऊ. पदार्थ. आपण म्हणतो लग्नात पदार्थ किती होते. (हशा) तो पदार्थ सोडा. शास्त्रात पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ. पद म्हणजे शब्द. तो शब्द उच्चारला की ज्या वस्तूकडं बोट जातं, ती वस्तू म्हणजे त्या पदाचा अर्थ. शास्त्रीबुवांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. तांब्या म्हटलं की हा तांब्या. म्हटलं, पण कुठं बोटच जात नाही, तर तुझ्याजवळ पद आहे, पदार्थ नाही. आणि गंमत बघा, हे पोरगं कॉलेजात शिकवतं त्या विषयाला मराठीत नाव काय दिलं आहे? पदार्थविज्ञान. ज्यानं कोणी दिलं त्याला माझा नमस्कार. कारण त्या विषयात रोज हेच चालतं. गणिताच्या ओळीत एखादं अक्षर येतं, एखादा आकडा येतो, बाकी सगळं बरोबर सुटतं, आणि मग विचारावं लागतं की बाबा रे, तू कोण? जगात तुझ्याकडं बोट करायचं तर कुठं करायचं? आजोबांच्या वहीतल्या चाराला पोरानं तेच विचारलं.

माझी चूक उलट्या बाजूची होती. माझ्याजवळ गुरुत्व हे पद होतं आणि मी मोजलेलं काहीच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, हे शाळेतलं झालं, यात भक्ती कुठं आहे? प्रल्हादाकडं चला.

प्रल्हादाचं आख्यान तुमच्या अंगात मुरलेलं आहे, विस्तार करत नाही. डोंगरावरून ढकलला, हत्तीपुढं टाकला, आगीत बसवला. लेकरू नाम सोडत नाही. शेवटी हिरण्यकशिपू विचारतो, "कुठं आहे तुझा देव?" प्रल्हाद म्हणतो, "सगळीकडं." बाप म्हणतो, "या खांबात आहे?"

इथं थांबा. आम्ही कीर्तनकार इथं हिरण्यकशिपूला शिव्या घालून पुढं जातो. मीही तीस वर्षं घातल्या. पण प्रश्न बघा ना. प्रश्न काय वाईट आहे? सगळीकडं म्हणणं सोपं आहे. सगळीकडं म्हटलं की कुठंच बोट दाखवावं लागत नाही. हा बाप म्हणतो, सगळीकडं राहू दे, हा एक खांब सांग. दगडाचा, माझ्या समोरचा, हात लागेल असा. त्याचा अहंकार खोटा, पण प्रश्न खरा. आणि लेकराचं धाडस असं की त्यानं फाटे फोडले नाहीत. देव सूक्ष्म असतो, खांब ही उपाधी आहे, असलं काही बोलला नाही. एका शब्दात म्हणाला, "आहे." मग खांबावर प्रहार कोणी केला? भक्तानं नाही केला. ज्याला ते खोटं पडायला हवं होतं, त्यानंच केला. आणि खांबातून जे निघालं ते ना माणूस ना जनावर. दोघांपैकी कोणीही ते रूप मनात धरलेलं नव्हतं.

एवढं ध्यानात ठेवा. उत्तररंगाचं आख्यान प्रल्हादाचंच आहे, पण दुसऱ्या प्रल्हादाचं. हे मला त्याच दहा दिवसांत पोरानं सांगितलं, मी नंतर त्याच्याकडून तीनदा घोकून घेतलं.

1915 साल. नोव्हेंबर महिना. आइनस्टाईन साहेबांनी गुरुत्वाकर्षणाची नवी समीकरणं मांडली. फार अवघड. त्यांना स्वतःलाही वाटेना की ती कोणी पुरती सोडवेल. जर्मनीचे एक ज्योतिषी होते, पंचांगवाले नव्हेत, दुर्बीणवाले, कार्ल श्वार्झशिल्ड. ते महायुद्धात आघाडीवर होते. तिथून, तोफांच्या आवाजात, त्यांनी ती समीकरणं एका साध्या प्रसंगासाठी सोडवून पाठवली. एकटा गोल तारा, भोवती रिकामं आकाश. तिथंच त्यांना आजार जडला आणि 1916 च्या मे महिन्यात ते गेले. बेचाळीस वर्षांचं वय.

आता बारावीच्या सायन्सच्या मुलांनो, इकडं लक्ष द्या. समाकलन केलं की शेवटी अधिक सी लिहिता की नाही? नाही लिहिलं तर मार्क कापतात. तसंच तिथंही एक अक्षर उरलं. समीकरण लिहिलेलं होतं ताऱ्याबाहेरच्या रिकाम्या आकाशाचं. त्यात वस्तू नाही, वजन नाही, काही नाही. आणि उत्तरात एक अक्षर उभं. हे कोण? समीकरण सांगत नाही. त्याला कितीही पिळा, तो सांगणार नाही.

मग ओळख कशी पटवली? लांब जाऊन. ताऱ्यापासून खूप लांब गेलं की नव्या समीकरणाचा आणि न्यूटनच्या जुन्या नियमाचा फरक मिटत जातो. दोघं जवळजवळ एकच बोलू लागतात. तिथं उभं राहून दोन्ही शेजारी ठेवली, आणि दिसलं की नव्यातलं ते अनोळखी अक्षर आणि जुन्यातलं ताऱ्याचं वस्तुमान एकाच जागी बसतं. अक्षराचा पदार्थ सापडला. मला हे ऐकून वारी आठवली. पंढरीत गर्दीत विटेजवळ जाता येत नाही, तेव्हा म्हातारी माणसं लांबून कळसाला हात जोडतात आणि म्हणतात, भेट झाली. जवळ जाऊन कळत नाही ते लांबून ओळखू येतं, असंही असतं. त्या अर्थाला धरून बुध ग्रहाच्या वाटेचा हिशोब आकाशाशी ताडला. बुधाच्या कक्षेत शंभर वर्षांत 43 विकलांचा जो फरक न्यूटनच्या नियमात बसत नव्हता, तो बसला. एका अंशाचे 3600 भाग करा, त्यातले 43. खांब दगडाचा होता आणि बारीक होता.

आता आपले लोक येतात. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर. केंब्रिजला शिकले, मालवीयजींनी बनारस हिंदू विद्यापीठात बोलावून घेतलं, तिथं गणिताचे प्रमुख झाले. त्यांच्याकडं 1942 साली सौराष्ट्रातला एक तरुण आला. बायको आणि तान्ही मुलगी बरोबर, गाठीला साठवलेले पैसे तेवढेच. नाव काय? प्रल्हाद. प्रल्हाद चुनीलाल वैद्य. गुरूचं नाव विष्णू आणि शिष्याचं नाव प्रल्हाद! मी जुळवलेलं नाही, आईबापांनी ठेवलेली नावं आहेत. (टाळ्या) नका, टाळ्या नका वाजवू, टाळ्या पडल्या की माझं काय होतं ते मघाशी सांगितलं.

1942 म्हटल्यावर चिमूरला वेगळं सांगायला नको. 16 ऑगस्ट, नागपंचमी. या गावानं त्या दिवशी जे केलं आणि पुढं जे भोगलं, त्याच्या खुणा तुमच्या घराघरांत आहेत. त्याच साली तिकडं बनारसला हा खादीतला पोरगा सूर्याचा हिशोब करत होता.

तो म्हणाला, श्वार्झशिल्ड साहेबांनी ताऱ्याभोवती आकाश रिकामं धरलं. पण सूर्याभोवती रिकामं कुठं आहे? सूर्य तर प्रकाश ओततो आहे. प्रकाश म्हणजे ऊर्जा, आणि ऊर्जा गेली की तेवढं वस्तुमान गेलं. मग ते अक्षर, ज्याला आपण वस्तुमान म्हणून ओळखलं, ते एकसारखं राहील कसं? ते सरत गेलं पाहिजे. 1943 साली त्यानं त्या सरत्या अक्षराचं उत्तर काढलं. नुसता स्थिर म्हणून धरलेला आकडा चालता झाला. आणि त्यात एक बारकावा आहे, मला फार आवडतो. तुम्ही जिथं उभे आहात तिथं सूर्याचं कोणतं वस्तुमान धरायचं? आत्ताचं नाही. तुमच्यापर्यंत पोचलेला किरण जेव्हा निघाला, तेव्हाचं. तो किरण निघून आठ मिनिटं झालेली असतात.

सूर्य किती सरतो? दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून जास्त. घुग्घुसच्या रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक डोळ्यांपुढं आणा. वीस टनांचा एक ट्रक धरा. असे दोन लाख ट्रक, एका सेकंदाला. मी 'विठ्ठल' म्हणेपर्यंत दोन लाख ट्रक रिकामे. आणि साडेचारशे कोटी वर्षं असं चालून सूर्यातलं गेलं किती? दहा हजार भागांतले तीनेक. आपण ऊन म्हणतो, वाळवण घालतो, मिरच्या सुकवतो, ते त्याच्या अंगचं झिजलेलं आहे.

मग लोकांनी वैद्यांना डोक्यावर घेतलं का? नाही. गणित बरोबर आहे, म्हणाले, पण दहा हजारांत तीन, एवढ्या झिजेचा उपयोग काय? वीस वर्षं ते उत्तर तसंच पडून राहिलं. 1963 साली फार दूरचे, फार प्रखर असे काही तेजोगोल ओळखू आले, क्वेसार म्हणतात त्यांना. एवढं तेज ओतणारं, स्वतःच्या वजनानं आत कोसळणारं काही असू शकतं, असं दिसू लागलं, आणि तेव्हा सरत्या अक्षराची गरज पडली. आज जगभर ते वैद्यांच्या नावानं ओळखतात. वैद्य तोवर गुजरातेत शिकवत होते.

श्वार्झशिल्डच्या उत्तरातच आणखी एक नरसिंह दडलेला होता. त्या अक्षरावरून एक अंतर निघतं. सूर्याचं सगळं वस्तुमान तीन किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात दाबलं, तर त्याच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. आपल्या पृथ्वीचा हिशोब केला तर ती दाबून एका मोठ्या बोराएवढी करावी लागेल. सगळे म्हणाले, हा आकडा नुसता कागदावरचा, याला पदार्थ नाही. खुद्द आइनस्टाईन साहेबांनी 1939 साली लेख लिहून सांगितलं की निसर्गात असं होणार नाही. आणि 2019 च्या एप्रिलमध्ये जगातल्या दुर्बिणींनी मिळून तसल्या एका कृष्णविवराच्या सावलीचं चित्र छापलं. तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल, नारिंगी कड्यासारखं. ज्यानं समीकरण लिहिलं त्यालाही आतून काय निघेल हे ठाऊक नव्हतं.

पण मायबाप हो, प्रत्येक खांब फुटतो असं नाही, आणि हे सांगितलं नाही तर मी पुन्हा चार वर्षांमागची चूक करीन.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर. त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. शाळेच्या पोरांनी त्यांच्या गोष्टी वाचल्या आहेत. त्यांनी आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी मिळून विश्वाचं एक गणित मांडलं होतं. विश्वाला सुरुवात नाही, ते प्रसरण पावतं, आणि मधल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं. ते कशानं होतं, तर त्यांनी समीकरणात एक अक्षर घातलं, सी. निर्मितीचं क्षेत्र. गणित चोख होतं. पण 1965 साली आकाशातून सगळीकडून येणारे मंद सूक्ष्मतरंग सापडले, आणि बहुतेक शास्त्रज्ञ म्हणाले, हा तर सुरुवातीच्या तप्त विश्वाचा शेष आहे. सी कडं बोट जाईना. जयंतराव पुढं पुण्यात मोठी संस्था उभी करून, शेकडो मुलं तयार करून, शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले की तुमच्या महास्फोटाचे तरी सगळे खांब तपासले का? 2025 च्या मे महिन्यात ते गेले. त्या सी ला बहुतेकांनी अजून पदार्थ मानलेला नाही.

मी पोराला विचारलं, "मग वाईट नाही वाटत? एवढा मोठा माणूस, एवढं सुंदर गणित." तो म्हणाला, "वाटतं. पण खांबाला नाही म्हणायची मुभा आहे, म्हणून त्यानं हो म्हटलं की आम्ही विश्वास ठेवतो."

त्यावर मला बोलता आलं नाही. आमच्या मंडपात खांबाला ती मुभा कुठं असते? मी बोलतो, तुम्ही टाळ्या देता, खांब बिचारा मंडप धरून उभा. माझ्या नामाचा पदार्थ मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू शकत नाही, आणि तो तिथं सापडतो असा आव आता आणणार नाही. माझ्याकडं बोट दाखवायला एवढंच आहे की आमच्या घरी दहा दिवस दिवा तेवत होता आणि दोन वर्षांनी एक पोरगं माझ्याशी बोललं. याला कोणी पुरावा म्हणावं असं माझं म्हणणं नाही. मला तेवढा पुरतो. मात्र मोजमापाच्या गोष्टी मी यापुढं मोजणाऱ्याला विचारूनच सांगीन. चार वर्षांमागं न्यूटनसाहेबाबद्दल या जागेवरून जे बोललो ते मी मागं घेतो. गुरुत्व हा शब्द आपल्याकडं होता, विचारही होता. ते गणित आपलं नव्हतं.

तो पोरगा आज आला आहे. वीणेकऱ्यांच्या मागं बसला आहे, मांडीवर लेक घेऊन. आजोबांची वही पण आणली आहे. त्याला मी सांगून ठेवलं आहे की चुकलो तर तिथूनच हात वर कर, कीर्तन थांबलं तरी चालेल. काय रे बाबू, बरोबर झालं?

हात वर करतो आहे. (हशा) बोल, मोठ्यानं बोल.

काय? ... हां. म्हणतो, सूर्याचं बरोबर आहे, ट्रकचं चुकलं. वीस टनांचे ट्रक जुने झाले, आता तीस टनांचे चालतात. खरं आहे, मी अजून वडिलांच्या वेळचेच ट्रक धरून बसलो. म्हणजे मग पुन्हा भागावं लागेल. चाळीस लाखाला तीसनं भागा. कर रे तूच, वहीतच कर. ... एक लाख तेहतीस हजार. लिहून घ्या मंडळी, दोन लाख नाही, एक लाख तेहतीस हजार.

आणि बाबू, ते टाळ घे, तिथं माझ्या मागं ठेवले आहेत. लेकीला वहिनींकडं दे. उभा राहा.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!